म्हाताऱ्या कुत्र्याच्या किडनीत गाठ: सोनोग्राफीच्या रिपोर्टनंतर काय, कोणत्या क्रमाने करायचं

सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'डाव्या किडनीत मास' असं छापून आलं की घरात पहिला प्रश्न हाच निघतो: अहो, गेल्याच महिन्यात रक्त तपासलं, क्रिएटिनिन अगदी नॉर्मल होतं! ते नॉर्मल असणारच. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून निघणारा, किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा. दोन्ही किडन्यांची मिळून साधारण तीन चतुर्थांश ताकद गेल्याशिवाय क्रिएटिनिन चढत नाही. एका किडनीत क्रिकेटच्या चेंडूएवढी गाठ असली तरी दुसरी सगळं काम एकटी ओढते आणि रक्ताचा कागद स्वच्छ येतो.

इथून पुढच्या प्रत्येक तपासणीमागे दोनच प्रश्न आहेत. दुसरी किडनी एकटी काम निभावेल का? आणि गाठ छातीपर्यंत पोचली आहे का? गाठीचा आकार, कुत्र्याचं वय, 'या वयात भूल सोसेल का' हे सगळं त्यानंतर. निरोगी हृदयाच्या अकरा वर्षांच्या कुत्र्याचं ऑपरेशन होऊ शकतं. पण दुसरी किडनी खराब असेल तर सात वर्षांच्या कुत्र्याचंही होत नाही.

नेमका आजार कोणता

किडनीतच सुरू होणारा कॅन्सर कुत्र्यांत विरळा, एकूण कॅन्सरच्या दोन टक्क्यांहूनही कमी. दुसरीकडून पसरून किडनीत आलेला कॅन्सर त्याहून जास्त दिसतो, म्हणून किडनीत गाठ दिसली की बाकीचं अंगही तपासावं लागतं. किडनीतच उगवलेल्या गाठी मात्र बहुतेक वेळा घातक असतात. त्यांत सर्वांत जास्त आढळतो तो रिनल सेल कार्सिनोमा, म्हणजे किडनीतल्या बारीक नळ्यांच्या अस्तराचा कॅन्सर. साधारण आठ वर्षांच्या आसपास, नरांमध्ये थोडा जास्त, आणि सहसा एकाच बाजूला. त्याखालोखाल सार्कोमा, म्हणजे आधार देणाऱ्या ऊतींचा कॅन्सर, त्यात रक्तवाहिन्यांचा हिमँजिओसार्कोमाही आला. मूत्रनलिका जिथे सुरू होते तिथल्या अस्तराचा ट्रान्झिशनल सेल कार्सिनोमा वेगळा. नेफ्रोब्लास्टोमा हा गर्भावस्थेतल्या किडनीच्या पेशींपासून होणारा, मुळात तरुण कुत्र्यांचा, पण कधी कधी वयस्करांतही निघतो.

लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, या सगळ्यांपासून बाजूला ठेवायचा. तो बहुधा दोन्ही किडन्यांत असतो, त्यावर ऑपरेशन नसतं, केमोथेरपी असते. 'गाठ आहे ना, मग काढून टाका' हे वाक्य इथे चालत नाही, आणि पुढच्या निम्म्या तपासण्या लिम्फोमा आहे की नाही हे ठरवण्यासाठीच असतात.

घरी काय दिसतं

बऱ्याचदा काहीच दिसत नाही. गाठ दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडते. दिसलंच तर वजन उतरणं, खाण्याचा कंटाळा, फिरायला जाताना मागे राहणं. 'वय झालंय' म्हणून सोडून देण्यासारखीच ही लक्षणं, आणि म्हणूनच उशीर होतो.

लघवीत रक्त आलं की लोक जागे होतात. इथला सापळा ओळखा. गाठीतून येणारं रक्त थांबून थांबून येतं. मूत्रमार्गाचा संसर्ग समजून अँटिबायोटिकचा कोर्स दिला जातो, चार दिवसांत लघवी साफ होते, औषध लागू पडलं असं वाटतं. महिन्याभराने परत रक्त, परत कोर्स. आठ वर्षांपुढच्या कुत्र्याच्या लघवीत दुसऱ्यांदा रक्त दिसलं तर तिसरा कोर्स घेऊ नका, सोनोग्राफी मागा.

कमी लोकांना ठाऊक असलेली दोन लक्षणंही सांगून ठेवतो. एक, चारही पाय कोपर-गुडघ्याखाली सुजणं, गरम लागणं, लंगडणं. छाती-पोटातल्या गाठींमुळे पायांच्या हाडांवर नवं हाड चढतं. घरी आणि कधी कधी दवाखान्यातही याला संधिवात समजून गोळ्या चालू राहतात. पायाचा एक एक्स-रे काढला तर उलगडा होतो. दुसरं, हिरड्या विटेसारख्या लालभडक दिसणं. काही गाठी रक्तपेशी वाढवणारं संप्रेरक जास्त तयार करतात आणि रक्त घट्ट होतं.

हिरड्या अचानक पांढऱ्या पडल्या, पोट फुगलं आणि कुत्रा कोसळला तर गाठ फुटून पोटात रक्तस्राव झालेला असू शकतो. ही वेळ मिनिटांची आहे, 'सकाळी बघू'ची नाही. आणि गाठ आहे हे कळल्यावर घरातल्या प्रत्येकाने पोट चाचपून बघायचं नाही. दाबून गाठ फुटू शकते.

पहिली पायरी: घरचा हिशेब

दवाखान्यात जाण्याआधी तीन दिवस तीन गोष्टी लिहून काढा.

पाणी: सकाळी एक लिटरच्या बाटलीने भांडं भरा, दिवसभर जितकं ओताल ते टिपा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजून वजा करा. कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली पाणी पुरतं, उन्हाळ्यात आणि सुक्या खाण्यावर थोडं जास्त. किलोमागे १०० मिलीच्या वर गेलं, म्हणजे २० किलोचा कुत्रा दोन लिटर पिऊ लागला, तर ते नक्कीच जास्त. घरात दोन कुत्रे असतील तर भांडी वेगळी ठेवल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही.

श्वास: गाढ झोपेत असताना छाती किती वेळा वर येते ते ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. मिनिटाला ३० पर्यंत ठीक. रोज त्यापेक्षा जास्त येत असेल तर छातीचा एक्स-रे लांबवू नका.

वजन: तोच काटा, तीच वेळ, आठवड्यातून एकदा. छोट्या कुत्र्याला उचलून घेऊन आपण काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं.

दुसरी पायरी: लघवी आणि रक्त

लघवी सकाळची पहिली हवी, कारण रात्रभर किडनीने ती किती घट्ट केली हे त्यातच कळतं. मेडिकलमधून निर्जंतुक डबी आणा. कुत्र्याखाली स्वच्छ पळी किंवा उथळ ताटली सरकवा, पहिली धार जाऊ द्या, मधली घ्या. तासाभरात लॅबमध्ये पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर दोन तास राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात, पेशी विरघळतात, आणि रिपोर्ट तुमच्या कुत्र्याचा न राहता उन्हाचा होतो.

रिपोर्टात आधी विशिष्ट गुरुत्व बघा. १.०३० च्या वर असेल तर किडन्या लघवी नीट घट्ट करताहेत. १.००८ ते १.०१२ वर वारंवार अडकलं असेल तर किडन्यांनी ते काम सोडलं आहे. हे क्रिएटिनिन बिघडण्याच्या आधी कळतं. मग प्रथिनं: प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ०.५ च्या वर सतत येत असेल तर त्याची दखल घ्यायची. फक्त लघवीत रक्त भरपूर असताना हा आकडा फुगतो, तेव्हा रक्त थांबल्यावर परत करायचा.

लाल लघवी म्हणजे रक्तच असं नाही. आपल्याकडे गोचीड तापातला बॅबेसिया रक्तपेशी फोडतो आणि लघवी कॉफीसारखी येते. लॅबने नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला की फरक कळतो: पेशी असतील तर तळाला लाल थर बसून वरचं पाणी पिवळं होतं, फुटलेल्या पेशींचा रंग असेल तर वरचं पाणीही लालच राहतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग) डोक्यात ठेवावा लागतो. त्यात दोन्ही किडन्या सुजून दुखतात, ताप-कावीळ असू शकते, आणि तो लघवीतून माणसाला लागतो. निदान होईपर्यंत लघवी पुसताना हातमोजे घाला.

डॉक्टर पोटातून सुईने लघवी काढतो म्हणाले तर सोनोग्राफी आधी झाली आहे का ते विचारा. मूत्राशयात किंवा मूत्रनलिकेत ट्रान्झिशनल सेल कार्सिनोमा असेल तर सुईच्या वाटेने त्याच्या पेशी पोटाच्या भिंतीत रुजू शकतात.

रक्तात पूर्ण काउंट, प्लेटलेट, क्रिएटिनिन, युरिया, एसडीएमए, फॉस्फरस, कॅल्शियम आणि लिव्हरचे आकडे घ्या. एसडीएमए हाही किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, तो क्रिएटिनिनच्या आधी वाढतो आणि स्नायूंवर अवलंबून नसतो. वाळलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यात स्नायूच कमी, त्यामुळे क्रिएटिनिन खोटंच चांगलं दिसतं. ढोबळ हिशेब असा: क्रिएटिनिन १.४ च्या खाली पहिला टप्पा, १.४ ते २.८ दुसरा, २.९ ते ५.० तिसरा, त्यापुढे चौथा. हे टप्पे कुत्रा पाणी पिऊन स्थिर असतानाचे. उलट्या-जुलाबात सुकलेल्या कुत्र्याचा आकडा यात बसवायचा नाही.

पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के आहेत तो आकडा, साधारण ३७ ते ५५ असतो. ६५ च्या वर गेला तर रक्त घट्ट झालंय, आणि भूल देण्याआधी थोडं रक्त काढून टाकावं लागतं. गाठ काढल्यावर तो खाली येतो. पुढे काही महिन्यांनी परत चढू लागला तर गाठ परतल्याची ती सर्वांत स्वस्त सूचना, म्हणून पहिला आकडा जपून ठेवा.

बीपी सगळे विसरतात. कुत्र्याचंही बीपी घेतात, पट्टा पुढच्या पायाला किंवा शेपटीला बांधून. दवाखान्यात आल्या आल्या नाही, दहा मिनिटं शांत बसल्यावर, पाच-सहा वेळा मोजून सरासरी. वरचा आकडा १६० च्या पुढे राहिला तर औषध लागतं, १८० च्या पुढे डोळ्यांच्या पडद्याला धोका. एका रात्रीत आंधळा झालेला म्हातारा कुत्रा आधी बीपीसाठी तपासावा.

तिसरी पायरी: सोनोग्राफी नीट करून घ्या

आठ ते दहा तास उपाशी, पाणी चालेल. आधीचे दोन-तीन तास लघवीला नेऊ नका, मूत्राशय भरलेलं हवं. पोटावरचे केस काढतील, त्याला ना म्हणू नका. केसांमधून घेतलेलं चित्र धूसर येतं. मधुमेही कुत्र्याला उपाशी ठेवण्याआधी डॉक्टरांशी बोला.

एवढं रिपोर्टात लिहून मागा: गाठ घट्ट आहे की पाण्याची, किती सेंटीमीटर, किडनीच्या कुठल्या टोकाला, दोन्ही किडन्यांची लांबी, किडनीच्या शिरेत किंवा पोटातल्या मोठ्या महाशिरेत गाठीचा तुकडा शिरला आहे का, दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी, प्लीहा, लिव्हर, लसिका ग्रंथी, पोटात मोकळं पाणी. महाशिरेचा उल्लेख रिपोर्टात नसेल तर फोन करून विचारा. उजव्या किडनीची शीर आखूड असते आणि महाशिरेला खेटून असते, त्यामुळे उजव्या बाजूचं ऑपरेशन जास्त जोखमीचं. गाठ शिरेत शिरली असेल तर ते ऑपरेशन कोणी करायचं हेच बदलतं.

सोनोग्राफी 'कॅन्सर' असं सांगू शकत नाही. साधी पाण्याची गाठ, साकळलेलं रक्त, पू, हे सगळं पडद्यावर गाठच दिसतं. प्लीहेची किंवा ॲड्रिनलची गाठ किडनीला चिकटून तिचीच वाटते. निराश होऊन घरी परतण्याइतकी माहिती त्या एका कागदावर नसते.

चौथी पायरी: छाती, तीन बाजूंनी

ऑपरेशनचा निर्णय घेण्याआधी छातीचे तीन एक्स-रे: उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि उताणं. एकच कुशीवरचा एक्स-रे काढून 'छाती साफ' म्हणणं पुरेसं नाही. कुशीवर झोपल्यावर खालच्या फुप्फुसातली हवा कमी होते, ते दाट दिसतं आणि त्यातली गाठ लपते. दुसऱ्या कुशीवर वळवलं की ती उघडी पडते. एक्स-रेत साधारण ५ ते ७ मिलिमीटरपेक्षा लहान गाठी दिसत नाहीत. सीटी स्कॅनमध्ये १-२ मिलिमीटरच्याही दिसतात, आणि त्याच वेळी पोटाचं सीटी झालं तर दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच भुलीत मिळतात.

जनावरांसाठी सीटी सगळीकडे नाही. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल, महालक्ष्मीचं टाटांचं प्राण्यांचं रुग्णालय, तसंच नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं हे चौकशीचे पत्ते. निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: सोय आहे का आणि मशीन चालू आहे का, भूल देणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, कॉन्ट्रास्ट (चित्रात अवयव उठून दिसावा म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देतात का. म्हातारा कुत्रा उपाशी ठेवून तीनशे किलोमीटर नेल्यावर 'आज भूलतज्ज्ञ नाहीत' ऐकायला मिळणं टाळता येतं.

पाचवी पायरी: सुई घालायची की नाही

सोनोग्राफीत बघत बारीक सुईने पेशी काढणं सोपं वाटतं. पण किडनी म्हणजे रक्ताने भरलेला अवयव, रक्तस्रावाचा धोका खरा. त्याआधी प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची चाचणी हवीच. आपल्याकडे एर्लिकियाचा गोचीड ताप घर करून असतो आणि प्लेटलेट चोरपावलांनी खाली नेतो, म्हणून त्याची चाचणीही आधी.

दोन्ही किडन्या मोठ्या असतील किंवा लसिका ग्रंथी सुजल्या असतील तर सुई घालाच. लिम्फोमा निघाला तर ऑपरेशन टळतं. गाठ एकाच किडनीत, छाती साफ, दुसरी किडनी चांगली असं चित्र असेल तर अनेक सर्जन सुई न घालता किडनीच काढतात. निकाल काहीही आला तरी पुढचं पाऊल तेच असतं, मग पेशी सांडण्याचा धोका कशाला?

निदान हातात येईपर्यंत स्टेरॉइड देऊ नका, 'भूक वाढेल' म्हणूनसुद्धा नाही. प्रेडनिसोलोनने लिम्फोमाच्या पेशी काही दिवस विरघळतात. सुईत काही सापडत नाही, कुत्रा तरतरीत वाटतो, आणि खरी केमोथेरपी सुरू होईपर्यंत आजार औषधाला निबर झालेला असतो.

सहावी पायरी: दुसरी किडनी

सोनोग्राफी दुसऱ्या किडनीचं रूप दाखवते, काम दाखवत नाही. काम बघायला कॉन्ट्रास्ट सीटी किंवा आयव्हीपी, म्हणजे कॉन्ट्रास्ट देऊन काढलेले एक्स-रे: शिरेतून दिलेलं औषध त्या किडनीत शिरून मूत्रनलिकेत वेळेवर उतरतं का ते बघायचं. याआधी कुत्र्याला सलाईन देऊन पाणी भरून काढलेलं हवं, कारण सुकलेल्या कुत्र्यात कॉन्ट्रास्टच किडनीला मारक ठरतं.

क्रिएटिनिन आणि एसडीएमए पहिल्या टप्प्यात, लघवी घट्ट, प्रथिनं नाहीत, बीपी ठीक आणि कॉन्ट्रास्ट व्यवस्थित उतरतंय, तर एका किडनीवर कुत्रा वर्षानुवर्षं राहू शकतो. क्रिएटिनिन दुसऱ्या टप्प्यात असेल तर सर्जन आणि मेडिसिनचे डॉक्टर दोघांशी बोला. तिसऱ्या टप्प्यात किडनी काढणं म्हणजे कॅन्सरऐवजी किडनी फेल्युअर पत्करणं.

ऑपरेशन

पूर्ण किडनी आणि मूत्राशयापर्यंतची मूत्रनलिका काढतात. पोट मधोमध उघडतात, जेणेकरून लिव्हर, लसिका ग्रंथी आणि दुसरी किडनी डोळ्यांनी बघता येते. आधी धमनी बांधतात, मग शीर. उलट केलं तर आत येणारं रक्त साठून किडनी फुगते आणि फाटते. सर्जनला हे शिकवायची गरज नाही. तुम्ही विचारायचं ते वेगळं.

भुलीत बीपी सतत मोजणार का? फक्त ऑक्सिजनचा चिमटा पुरेसा नाही. सरासरी बीपी ६० च्या खाली रेंगाळलं तर उरलेल्या एकुलत्या किडनीला रक्त कमी पडतं, आणि ऑपरेशन यशस्वी होऊन कुत्रा तिसऱ्या दिवशी किडनीने जातो. रात्री कोणी थांबणार का? लघवी मोजणार का? पहिल्या रात्री तासाला किलोमागे १ ते २ मिली यायला हवी, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला तासाला २० ते ४० मिली.

रक्ताची सोय आधी करून ठेवा. ऐन वेळी व्हॉट्सॲपवर आवाहन टाकून मिळत नाही असं नाही, पण तपासलेलं मिळत नाही. दाता कुत्रा २५ किलोच्या वर, एक ते आठ वर्षांचा, लसीकरण झालेला, गोचीड तापाची चाचणी निगेटिव्ह असलेला हवा. त्याच्याकडून साधारण ४५० मिली घेतात. कुत्र्यांत पहिल्यांदा रक्त देताना उग्र प्रतिक्रिया क्वचितच येते, तरी गट तपासलेला बरा. आधी कधी रक्त चढवलं असेल तर क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त एकमेकांशी जुळतं का याची चाचणी, केल्याशिवाय देऊ नये.

खर्चाचा अंदाज लेखी मागा, बाबवार: भूल, ऑपरेशन, रक्त, रोजचा भरतीचा दर, हिस्टोपॅथॉलॉजी (काढलेल्या गाठीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी). शेवटची बाब वाचवायच्या नादात काही जण किडनी काढून फेकून देतात. मग काढलं काय आणि पुढे करायचं काय, दोन्ही कळत नाही.

काढलेली किडनी

ती १० टक्के फॉर्मलिनमध्ये, ऊतीच्या दहापट द्रवात जायला हवी. अख्खी गाठ तशीच बरणीत टाकली तर फॉर्मलिन आतपर्यंत पोचायच्या आत मधला भाग सडतो. किडनी मधोमध चिरून टाकायला सांगा. रिपोर्टात कॅन्सरचा प्रकार, कवच फोडून बाहेर आलाय का, रक्तवाहिन्यांत शिरलाय का आणि मायटोटिक काउंट, म्हणजे विभागणाऱ्या पेशींची मोजणी, एवढं हवं.

या मोजणीवर बरंच ठरतं. रिनल सेल कार्सिनोमात किडनी काढल्यावर मध्यम आयुष्य साधारण १६ ते १८ महिने. म्हणजे निम्मे कुत्रे त्याहून जास्त जगतात, निम्मे कमी. काउंट १० च्या खाली असेल तर तोच आकडा तीन वर्षांच्या पुढे जातो, ३० च्या वर असेल तर सहा महिन्यांवर येतो. सार्कोमात साधारण नऊ महिने, नेफ्रोब्लास्टोमात सहा. किडनीच्या हिमँजिओसार्कोमात सुमारे नऊ महिने, पण पोटात फुटून रक्त गेलं असेल तर दोन.

केमोथेरपीबद्दल स्पष्टच बोललेलं बरं: लिम्फोमात ती मुख्य उपचार आहे, हिमँजिओसार्कोमात डॉक्सोरुबिसिन देतात, पण रिनल सेल कार्सिनोमात तिने आयुष्य वाढल्याचा ठोस पुरावा नाही. सिसप्लॅटिन किडनीलाच घातक, एका किडनीच्या कुत्र्याला नको. केमो चालू असेल तर डोसनंतरचे दोन-तीन दिवस लघवी-शी उचलताना हातमोजे, आणि गरोदर बाईने ते काम करू नये.

घरी आल्यावर

टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. तोवर गळ्यात कॉलर, जिने-सोफा बंद, पट्टा लावून फक्त लघवी-शीपुरतं बाहेर. उलट्या, दिवसभर लघवी न होणं, पोट ताणलेलं दिसणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

दुखण्यासाठी घरातली गोळी अजिबात नको. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन ही एका किडनीवर जगणाऱ्या कुत्र्याला ठार करू शकतात, पॅरासिटामॉल लिव्हर आणि रक्तपेशींवर उलटतं. मेलॉक्सिकॅमसुद्धा डॉक्टरांनी किडनीचे आकडे बघून दिलं तरच. माणसांचं गॅबापेंटिनचं पातळ औषध घेण्याआधी बाटलीवर झायलिटॉल आहे का वाचा. ते कुत्र्यांना विष आहे. मनुका-द्राक्षंही बंद, अगदी प्रसादातलीसुद्धा.

खाण्यात उलटी चूक जास्त होते. किडनी काढली म्हणून मांस-अंडी बंद करून दहीभात सुरू करतात आणि दोन महिन्यांत कुत्र्याच्या पाठीचा कणा दिसू लागतो. दुसरी किडनी चांगली असेल तर किडनीचा खास आहार लागत नाही. फॉस्फरस वाढला, लघवीत प्रथिनं आली किंवा दुसरा टप्पा गाठला की मगच. आजारी कुत्र्याला किमान किती उष्मांक हवेत ते मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर निघतं: वजनाचा घन करा, वर्गमूळ दोनदा काढा, ७० ने गुणा. २० किलोला ८०००, मग ८९.४, मग ९.४६, आणि उत्तर ६६२ किलोकॅलरी. याच्या निम्मंही तीन दिवस जात नसेल तर भुकेचं आणि मळमळीचं औषध मागून घ्या. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनीचे आकडे बिघडलेले असताना ते औषध म्हणून पाजू नका. 'किडनी साफ करणारी' पुडी तर कुणीही दिली तरी नको, आत काय आहे ते लिहिलेलं नसतं.

तपासण्या दोन आठवड्यांनी, मग महिन्याने, पुढे दर तीन महिन्यांनी: क्रिएटिनिन, एसडीएमए, लघवी, बीपी, पोटाची सोनोग्राफी, छातीचे तेच तीन एक्स-रे. सगळे रिपोर्ट तारखेने एका फाइलमध्ये ठेवा. एक सुटा आकडा फार सांगत नाही, चार आकड्यांचा चढ सांगतो.

ऑपरेशन होत नसेल तर

छातीत पसरलं असेल किंवा दुसरी किडनी साथ देत नसेल, तर ऑपरेशन न करणं हाही विचारपूर्वक घेतलेला वैद्यकीय निर्णय आहे, हयगय नाही. बीपीची गोळी, उलटी थांबवणारं औषध, भुकेचं औषध, वेदनेसाठी गॅबापेंटिन किंवा ट्रमाडोल, आणि किडनी मंदावली असेल तर कातडीखाली सलाईन. हे सलाईन घरी द्यायला शिकता येतं, मात्र हृदय मोठं झालेल्या कुत्र्याला ते फुप्फुसात पाणी भरवू शकतं, तेव्हा डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापानेच.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री खूण करा: जेवला, स्वतः उठून बाहेर गेला, शेपटी हलवली, शांत झोपला. यातलं दोनहून कमी घडलं तर फुली. आठवड्यात चारपेक्षा जास्त फुल्या दिसल्या की शांतपणे शेवट करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायची वेळ झाली. हे बोलणं मध्यरात्री दम लागल्यावर नाही, त्याआधी दुपारी करा. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शिरेतून भुलीचं औषध जास्त मात्रेत. अनेक डॉक्टर यासाठी घरी येतात. अंत्यविधीची सोय महानगरपालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला आधीच विचारून ठेवा.

घरी जर्मन शेफर्ड असेल तर

जुन्या पिढीच्या तोंडी अल्सेशियन. या जातीत किडनीच्या कॅन्सरचा एक आनुवंशिक प्रकार आहे, नॉर्वेत १९८५ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन झालं. पाचव्या गुणसूत्रावरच्या एफएलसीएन जनुकातला एक बदल त्याला कारण. दोन्ही किडन्यांत पाण्याच्या आणि घट्ट गाठी होतात, म्हणून किडनी काढण्याचा मार्ग बहुधा बंदच. पण त्याच्या कितीतरी आधी, पाच-सहा वर्षांच्या वयात, पायांवर, डोक्यावर, पाठीवर कातडीखाली टणक गुठळ्या येतात. चरबीची गाठ मऊ असते आणि बोटाखाली सरकते. या गुठळ्या कडक, एकाहून अनेक, कधी कातडीला चिकटलेल्या. अशी गुठळी दिसली की तिची बायोप्सी आणि किडन्यांची सोनोग्राफी एकाच आठवड्यात करून घ्या. मादीत गर्भाशयातही गाठी होतात, तेही त्याच वेळी बघायला सांगा.

बदललेल्या जनुकाची एक प्रत आली तरी आजार होतो, म्हणजे बाधित कुत्र्याच्या प्रत्येक पिल्लाला निम्मी शक्यता. रक्ताच्या किंवा गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर जनुकाची चाचणी होते. निदान पक्कं झालं की ज्याच्याकडून पिल्लू घेतलं त्याला रिपोर्टची प्रत पाठवा आणि त्याच विणीतली बाकीची पिल्लं कुणाकडे गेली ते विचारून घ्या. त्या घरांतले कुत्रे आज धडधाकट दिसत असतील. तरी त्यांची चाचणी होऊन निकाल येईपर्यंत जोडी लावू नये.